लो-कार्ब आहारात ब्रेड परत आणताना: पहिल्या पंधरवड्यातील आकडे कसे वाचावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या परिस्थितीला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. वर्षभराहून अधिक काळ तुम्ही दिवसाला ५० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेत आहात. त्या काळात ११ किलो वजन उतरले, मधुमेहपूर्व पातळीवर असलेली रक्तशर्करा सामान्य झाली, आणि आता ब्रेड आहारात परत यावा असे तुम्हाला वाटते. त्यासाठी तुम्ही सलग चार दिवस न्याहारीला ब्रेडचे दोन स्लाइस खाल्ले. पहिल्याच दिवशी खाल्ल्यानंतर तासाभराने ग्लुकोमीटरने १८५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) दाखवले आणि पाचव्या दिवशी सकाळी वजन दीड किलोने वाढलेले दिसले. कोणतीही औषधे चालू नाहीत. यावरून ब्रेड आपल्याला मानवत नाही असे समजून तो कायमचा सोडावा का, असे तुम्ही विचारले आहे.

एवढ्या माहितीवर तसा निष्कर्ष काढता येणार नाही, असे माझे मत आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु ते संक्रमणकाळातील आहेत. दीर्घकाळ कमी कर्बोदकांवर राहिलेल्या शरीराला कर्बोदके पुन्हा मिळू लागली की पहिले काही दिवस वजनकाटा आणि ग्लुकोमीटर दोन्ही फुगलेले आकडे दाखवतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बहुतेक जण घाबरून प्रयोग थांबवतात. ब्रेड तुम्हाला कितपत झेपतो हे दोन आठवड्यांनंतरच्या मोजमापांवरून ठरवावे.

वजनाचा हिशोब सोपा आहे, म्हणून तो आधी करू. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करते. प्रौढ व्यक्तीच्या यकृतात तो साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम असतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठवले जाते. कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा बराचसा रिकामा होतो. लो-कार्ब आहाराच्या पहिल्या आठवड्यात जे वजन झपाट्याने उतरते त्यातील मोठा वाटा याच पाण्याचा असतो. तुमच्या आठ स्लाइसमध्ये सुमारे १२० ग्रॅम कर्बोदके होती. ती सर्वच्या सर्व साठवली गेली असे धरले तरी पाण्यासह वजन अर्धा किलोच्या आसपास भरते. उरलेल्या एक किलोचे स्पष्टीकरण अन्यत्र आहे. इन्सुलिनची पातळी वाढली की मूत्रपिंडे सोडियम जास्त राखून ठेवतात आणि सोडियममागोमाग पाणीही राहते. शिवाय ब्रेड स्वतः खारट असतो, १०० ग्रॅममागे साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक मीठ त्यात सहज असते. आतड्यातील अन्नाचे प्रमाण वाढते. आणि कोणाचेही वजन एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतच असते. ही वाढ चरबीची असणे गणितानेच अशक्य आहे, कारण एक किलो चरबी साठण्यासाठी अंदाजे ७,७०० किलोकॅलरी गरजेपेक्षा जास्त जाव्या लागतात, म्हणजे दीड किलोसाठी ११,००० हून अधिक, आणि आठ स्लाइसमधून तुम्हाला मिळाल्या त्या जेमतेम साडेसहाशे.

परत आलेले हे पाणी पुन्हा घालवण्याच्या मागे लागू नये. कर्बोदकांचे प्रमाण वाढवायचे ठरवले असेल तर एक ते दोन किलो वजन वाढणे हा त्या निर्णयाचाच भाग आहे. चौदाव्या दिवसाच्या आसपासचे वजन हा नवा आधार मानावा आणि पुढील चढउतार त्याच्याशी ताडून पाहावा. लो-कार्बच्या ऐन भरातील नीचांकाशी रोज तुलना करत राहिल्यास निराशेशिवाय हाती काही लागणार नाही.

रक्तशर्करेचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. कर्बोदके दीर्घकाळ कमी राहिली की स्नायू इंधन म्हणून मुख्यतः स्निग्धाम्ले वापरू लागतात, ग्लुकोज आत घेण्याची त्यांची तत्परता कमी होते, आणि जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिनचा जो पहिला झपाटा यायला हवा तोही मंदावतो. हा आजार नव्हे. जे ग्लुकोज थोडे आहे ते मेंदूसाठी राखून ठेवण्याची ती व्यवस्था आहे. मात्र अशा शरीराला अचानक तीस ग्रॅम कर्बोदके मिळाली की आकडा नेहमीपेक्षा जास्त वर जातो आणि खाली यायला वेळ लावतो. ही गोष्ट नवी नाही. ब्रिटिश वैद्य हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३५ मध्येच दाखवले होते की निरोगी माणसांच्या आहारातील कर्बोदकांचे प्रमाण बदलले की त्यांची ग्लुकोज पेलण्याची क्षमताही बदलते. आणि १९४० मध्ये अमेरिकी वैद्य जेरोम कॉन यांनी ग्लुकोज सहनक्षमतेची चाचणी (ग्लुकोज पाजून नंतरची रक्तशर्करा मोजणे) करण्यापूर्वी ठरावीक कर्बोदकयुक्त आहार देणे आवश्यक असल्याचे आग्रहाने मांडले. आजही या चाचणीच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असा नियम आहे. तसे न केल्यास निरोगी व्यक्तीचा अहवालही मधुमेहासारखा दिसू शकतो. तुम्ही नकळत हीच चाचणी कोणत्याही पूर्वतयारीशिवाय घरी केलीत, आणि तिचा निकाल १८५ आला.

असे असले तरी तो आकडा पूर्णपणे माफ करावा असेही मी म्हणणार नाही. तुमची रक्तशर्करा पूर्वी मधुमेहपूर्व पातळीवर होती. वजन उतरल्यामुळे तुमची इन्सुलिन संवेदनशीलता निश्चितच सुधारली असणार, परंतु आज दिसणाऱ्या सामान्य रक्तशर्करेत ही सुधारणा किती आणि केवळ कर्बोदकेच नसल्यामुळे आलेली शांतता किती, हे कर्बोदके दिल्याशिवाय कळत नाही. ब्रेड परत आणण्याचा प्रयोग या दृष्टीनेही उपयुक्त आहे. दोन आठवड्यांनंतर त्याच न्याहारीवर आकडा १४० च्या आत राहू लागला तर तुमची सुधारणा खरी आहे. तो १८० च्या वरच घुटमळत राहिला तर ब्रेडच्या पलीकडची काही माहिती तुम्हाला मिळाली आहे आणि ती डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी.

येथे एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. आठवड्याचे सहा दिवस कडक लो-कार्ब आणि सातव्या दिवशी मनसोक्त ब्रेड, असा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. वर सांगितलेले शरीरशास्त्र लक्षात घेतले तर रक्तशर्करेच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो, कारण प्रत्येक वेळी ब्रेड अशा शरीरात जातो जे त्याच्यासाठी तयार नाही. कॅनडात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात नऊ निरोगी तरुणांना आठवडाभर किटोजेनिक, म्हणजे अत्यंत कमी कर्बोदकांच्या, आहारावर ठेवून नंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजण्यात आले, तेव्हा त्यांच्या रक्तात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा झाल्याची चिन्हे आढळली. नऊ जणांवरून सर्वांसाठी नियम करता येत नाही. पण रोज थोडा आणि ठरावीक ब्रेड हा आठवड्यातून एकदाच्या मोठ्या मात्रेपेक्षा शहाणपणाचा आहे, हे माझे मत अशा निष्कर्षांशी जुळते.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे येऊ. माझी पहिली सूचना कदाचित अनपेक्षित वाटेल: परत येणाऱ्या कर्बोदकांमध्ये ब्रेडचा क्रमांक पहिला ठेवू नका. तुमचा आहार ४०-४५ ग्रॅमवर असताना त्यात एका स्लाइसचे पंधरा ग्रॅम घातले, तर शरीर अजूनही लो-कार्बच्याच अवस्थेत राहते आणि त्या स्लाइसवरचे आकडे आठवडेच्या आठवडे फुगलेले दिसू शकतात. त्यापेक्षा पहिले आठ-दहा दिवस शिजवलेली कडधान्ये, अख्खी फळे आणि साधे दही यांच्या मदतीने एकूण प्रमाण ८० ते १०० ग्रॅमपर्यंत न्यावे. ही कर्बोदके हळू शोषली जातात, स्नायूंना आणि स्वादुपिंडाला ग्लुकोज हाताळण्याची सवय पुन्हा लागते, आतड्यातील जिवाणूंनाही तंतुमय पदार्थांची ओळख होते, आणि त्यानंतर आलेल्या ब्रेडची परीक्षा न्याय्य परिस्थितीत होते.

त्यानंतर एक स्लाइस. येथे 'एक स्लाइस' हे माप फसवे आहे, म्हणून निदान पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा. पातळ कापलेला स्लाइस २५ ग्रॅमचा असतो, तर हाताने कापलेला जाड स्लाइस ५०-६० ग्रॅमपर्यंत सहज जातो. बहुतेक साध्या ब्रेडच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कर्बोदकांचा असतो, तेव्हा ३० ग्रॅमचा स्लाइस म्हणजे साधारण १५ ग्रॅम कर्बोदके, ही सोयीची एकक मात्रा धरता येते. दिवसातून एकदा एक मात्रा, एक ते दोन आठवडे. आकडे आणि भूक दोन्ही ठीक राहिल्यास दुसरी मात्रा. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लो-कार्ब गटाला सुरुवातीचे आठ आठवडे दिवसाला २० ग्रॅमचे उद्दिष्ट दिले होते, आणि पुढे दर आठवड्याला ५ ते १५ ग्रॅम वाढवत प्रत्येकाने आपल्याला दीर्घकाळ पाळता येईल अशा किमान पातळीवर स्थिरावायचे होते. हा वेग मला वाजवी वाटतो. त्या चाचणीतील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: वर्षअखेर लो-कार्ब गटाचे वजन सरासरी ६ किलो आणि कमी स्निग्धांशाच्या गटाचे ५.३ किलो उतरले होते, आणि या दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर अर्थपूर्ण नव्हता. तुमचे उतरलेले वजन ब्रेडच्या अनुपस्थितीवरच टिकून आहे असे मानण्याचे कारण नाही.

ब्रेड दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यावा, यावर माझा कल दुपारच्या जेवणाकडे आहे. रात्री उशिरा ग्लुकोज पेलण्याची क्षमता बहुतेकांची घटलेली असते, तेव्हा ती वेळ टाळावी. न्याहारीबद्दल माझी हरकत थोडी वेगळी आहे. न्याहारीला ब्रेड बहुधा एकटा, घाईत आणि गोड काहीतरी लावून खाल्ला जातो, त्याच्या आधी पोटात भाजी किंवा प्रथिने गेलेली नसतात. शिवाय ज्यांची रक्तशर्करा पूर्वी वाढलेली होती त्यांच्यात दिवसातील सर्वांत मोठी उसळी अनेकदा न्याहारीनंतरचीच असते.

ज्या ठिकाणी बहुतेकांचा प्रयोग खरोखर फसतो ती जागा मात्र ब्रेडची नसून लोण्याची असते. लो-कार्ब आहारात निम्म्याहून अधिक ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येते, आणि वर्षभरात हात त्या मापाला सरावतो. एका मात्रेच्या ब्रेडमधून ७५ ते ८० किलोकॅलरी मिळतात. त्यावर सवयीने लावलेल्या एका मोठ्या चमच्याच्या लोण्यातून सुमारे १००, आणि चीजचा तुकडा ठेवला तर आणखी तेवढ्याच. कर्बोदके वाढली आणि स्निग्धांश तसाच राहिला तर चरबी साठण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती नाही. दोन-तीन महिन्यांनी वजन खरोखर वाढते आणि दोष ब्रेडच्या माथी येतो. म्हणून ब्रेडची प्रत्येक मात्रा ही बदली समजावी, भर समजू नये. एक स्लाइस आला की दिवसभरातील लोणी, तेल, साय किंवा चीज यांपैकी कोठून तरी तितकीच ऊर्जा कमी करावी. प्रथिने मात्र कमी करू नयेत.

याच्याशी जोडलेली भुकेची गोष्टही आधीच सांगून ठेवतो. किटोसिसमध्ये, म्हणजे कर्बोदकांअभावी शरीर मुख्यतः चरबीवर चालते त्या अवस्थेत, अनेकांची भूक दबलेली असते. दिवसाची कर्बोदके ५० ग्रॅमच्या पुढे गेली की बहुतेकांचा किटोसिस थांबतो, आणि ५० ते १०० ग्रॅमच्या मधल्या पट्ट्यात काही आठवडे भूक नेहमीपेक्षा जास्त जाणवू शकते. हा काळ भाज्या, प्रथिने आणि ठरलेल्या वेळांच्या आधाराने निभावून न्यावा. त्याच काळात ब्रेडचे प्रमाण वाढवू नये.

कोणता ब्रेड घ्यावा, या प्रश्नावर लोकांचा जितका वेळ जातो तितका तो जायला नको, पण दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे एखादा पदार्थ रक्तशर्करा किती वाढवतो हे सांगणाऱ्या निर्देशांकाची, कल्पना टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. ग्लुकोजला १०० धरले तर आंतरराष्ट्रीय तक्त्यांत मैद्याच्या पांढऱ्या ब्रेडची सरासरी ७५ आणि संपूर्ण गव्हाच्या ब्रेडची ७४ आहे. म्हणजे रक्तशर्करेपुरते पाहिले तर ब्रेडचा रंग तपकिरी असल्याने जवळपास काहीच साधत नाही. कोंडा असला तरी धान्य जर बारीक दळलेले असेल तर त्यातील स्टार्च पाचक विकरांना तितक्याच सहजपणे सापडतो. फरक पडतो तो धान्याचे अख्खे किंवा भरडलेले दाणे तसेच राहिलेल्या घट्ट, जड ब्रेडने, ज्यांचा निर्देशांक साधारण ५० ते ५५ पर्यंत खाली येतो, आणि काही प्रमाणात सॉरडो पद्धतीने, म्हणजे नैसर्गिक खमिराने, सावकाश आंबवलेल्या ब्रेडने, कारण आंबवताना तयार झालेल्या आम्लांमुळे स्टार्चचे पचन मंदावते. संपूर्ण धान्याचा ब्रेड तरीही पांढऱ्यापेक्षा चांगला आहे, कारण त्यात तंतुमय पदार्थ, मॅग्नेशियम आणि ब-जीवनसत्त्वे अधिक असतात. फक्त त्याच्याकडून ग्लुकोमीटरवरील चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

वेष्टनावरचे शब्द वाचण्यापेक्षा आकडे वाचावेत. घटकांच्या यादीत पहिले नाव संपूर्ण धान्याच्या पिठाचे हवे. 'मल्टिग्रेन' याचा अर्थ एवढाच की त्यात एकाहून अधिक धान्ये आहेत. ती सगळी मैद्यावर शिंपडलेली असू शकतात. दर १० ग्रॅम एकूण कर्बोदकांमागे किमान १ ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत, ही कसोटी लक्षात ठेवायला सोपी आणि पुरेशी आहे. 'लो-कार्ब ब्रेड' म्हणून विकला जाणारा प्रकार बहुधा वेगळे काढलेले गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन, प्रतिरोधी (सहज न पचणारा) स्टार्च आणि इन्युलिनसारखे तंतू वापरून केलेला असतो. तो काहींना उत्तम चालतो, मात्र एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करून छापलेल्या 'नेट कार्ब'च्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. उदाहरणार्थ, तंतू म्हणून वापरले जाणारे आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड काही प्रमाणात पचते आणि रक्तशर्करा वाढवते. अशा ब्रेडचीही परीक्षा इतर ब्रेडसारखीच घ्यावी.

परीक्षा स्वतःवरच का घ्यायची, याचे कारण इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१७ च्या अभ्यासात स्पष्ट दिसते. वीस निरोगी व्यक्तींना एक आठवडा कारखान्यातील पांढरा ब्रेड आणि एक आठवडा संपूर्ण गव्हाचा सॉरडो ब्रेड देण्यात आला. सरासरी पाहता दोहोंत लक्षणीय फरक निघाला नाही. परंतु व्यक्तिगणिक पाहिले तर काहींची रक्तशर्करा पांढऱ्याने अधिक वाढत होती आणि काहींची चक्क सॉरडोने, आणि कोणाचे काय होईल याचा अंदाज त्यांच्या आतड्यातील जिवाणूंवरून बांधता येत होता. तेव्हा दुसऱ्याच्या आकड्यांवरून आपला ब्रेड निवडण्यात फारसा अर्थ नाही.

ब्रेड कसा खाल्ला जातो याचा परिणाम मात्र कोणता ब्रेड यापेक्षा अनेकदा मोठा असतो. न्यूयॉर्कमधील वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या अकरा जणांना एकच जेवण दोन क्रमांनी दिले गेले. जेवणात ब्रेड, संत्र्याचा रस, कोंबडी आणि भाज्या होत्या. भाज्या व प्रथिने आधी आणि ब्रेड व रस पंधरा मिनिटांनी, असा क्रम ठेवला तेव्हा तासाभरानंतरची रक्तशर्करा उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की स्लाइस जेवणाच्या शेवटाकडे ठेवावा आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत घेतात. ब्रेड गोठवून नंतर भाजला की त्यातील काही स्टार्च प्रतिरोधी होतो आणि रक्तशर्करा काहीशी कमी वाढते असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. एकदा आणलेला ब्रेड रोज एकेक स्लाइस काढून पुरवायचा असेल तर गोठवणे सोयीचे आहेच, तेव्हा तो लाभ घ्यावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

मोजमाप शिस्तीने केले नाही तर या साऱ्याचा उपयोग नाही. पहिला घास घेण्यापूर्वी, घास घेतल्यापासून एक तासाने आणि दोन तासांनी, अशी तीन मोजमापे घ्यावीत. तुम्ही दोन तासांचा आकडा घेतला नव्हता, आणि निर्णयासाठी तोच अधिक उपयोगी होता. दोन तासांनी १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत आणि मधल्या काळात कधीही १८० च्या वर नाही, हे तुमच्यासारख्या व्यक्तीसाठी वाजवी लक्ष्य आहे. घरगुती ग्लुकोमीटरला आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो. खरी रक्तशर्करा १४० असताना यंत्राने १२० किंवा १६० दाखवणे नियमात बसते. म्हणून एकाच आकड्यावर निर्णय नको. तेच जेवण, तीच मात्रा, निदान तीन वेगळ्या दिवशी, आणि त्यांतील मधला आकडा ग्राह्य धरावा. वजन रोज केले तरी तुलना आठवड्याच्या सरासरीची करावी, आणि सोबत कमरेचा घेर नोंदवावा, कारण पाण्याने वजन वाढते तसा घेर वाढत नाही.

पोटाच्या तक्रारी हा स्वतंत्र विषय आहे. ब्रेड परत आणल्यावर पोट फुगणे, गॅस होणे हे पहिले काही दिवस अनेकांना होते आणि ओसरते. ते ओसरले नाही तर लगेच ग्लुटेनला दोष देण्याची घाई केली जाते. नॉर्वेतील २०१८ च्या एका अभ्यासात, स्वतःला ग्लुटेन सोसत नाही असे मानणाऱ्या ५९ जणांना काय दिले आहे हे कळू न देता ग्लुटेन, फ्रुक्टान आणि यांपैकी काहीही नसलेला पदार्थ आळीपाळीने देण्यात आला, तेव्हा सर्वाधिक त्रास फ्रुक्टानने झाला. फ्रुक्टान हा गव्हातील आंबणारा कर्बोदकप्रकार आहे, आणि सॉरडोच्या दीर्घ आंबवणीत त्याचे प्रमाण घटते. म्हणून अशा व्यक्तींनी ब्रेड सोडण्याआधी सॉरडो वापरून पाहावा. मात्र जुलाब, रक्तक्षय, अकारण थकवा किंवा जवळच्या नात्यात सिलिअॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा विकार) असा इतिहास असेल तर डॉक्टरांना लवकर भेटावे, आणि ब्रेड चालू असतानाच सिलिअॅकची रक्तचाचणी करून घ्यावी. ही चाचणी ग्लुटेनमुळे तयार होणारी प्रतिपिंडे शोधते, आणि वर्षभर गहू न खाल्लेल्या व्यक्तीत ती आजार असूनही नकारात्मक येऊ शकते. त्यासाठी साधारण सहा आठवडे रोज ग्लुटेन पोटात जात असणे अपेक्षित आहे. त्रास झाला म्हणून ब्रेड पुन्हा बंद केला आणि मग चाचणी केली, तर ती करून न केल्यासारखी होते.

तुम्हाला औषधे चालू नाहीत, म्हणून हा सारा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. हे वाचणाऱ्या इतरांनी मात्र लक्षात घ्यावे की इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाच्या गोळ्यांच्या मात्रा लो-कार्ब आहारात कमी केलेल्या असतात आणि कर्बोदके वाढताना त्यांचा फेरविचार डॉक्टरांनीच करायचा असतो. उच्च रक्तदाब, हृदयाची अकार्यक्षमता किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांसाठी वर सांगितलेले सोडियम व पाणी साठणे ही क्षुल्लक बाब नाही. गर्भवतींनी असे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत.

राहिला प्रश्न शेवटच्या निर्णयाचा. ब्रेड सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी तपासून घ्या. ही चाचणी साधारण तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा अंदाज देते, तेव्हा त्याहून आधी ती करण्यात अर्थ नाही. दुसरा आकडा ५.७ टक्क्यांच्या खाली राहिला, कमरेचा घेर वाढला नाही आणि एका स्लाइसवर थांबणे जड गेले नाही, तर दिवसाला एक-दोन मात्रा ब्रेड तुमच्या आहारात निर्धास्त राहू शकतो. आकडा ५.७ च्या वर सरकला तर ब्रेड एका मात्रेवर आणून दाण्यांच्या घट्ट ब्रेडकडे वळावे आणि पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. तरीही तो खाली आला नाही तर कडधान्ये आणि फळे ठेवून ब्रेड काढून टाकावा. आणि एक स्लाइस खाल्ला की संपूर्ण पाकीट संपल्याशिवाय हात थांबत नाही असे आढळले, तर एचबीए१सीची वाट न पाहता ब्रेड घरात आणणे थांबवावे आणि तो बाहेरच्या एखाद्या जेवणापुरता ठेवावा.